अठ्ठेचाळीस कंगोरे

माझं तोंड खराब आहे, हे मीच आधी सांगून टाकते. पळसदेवात कुणालाही विचारा. पण चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात माझ्या सासूला, कुशाबाईला, मी जे बोलले ते अजून मलाच टोचतं.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि ती, दोघीच. वर्षाआधी इंदापूरहून माझे वडील आले होते आणि म्हणाले होते, "सारजे, एक वरीस देतो. बारामतीचा विणकामाचा वर्ग कर. पास झालीस, शाळंत बाई म्हनून लागलीस, तर ऱ्हा सासूपाशी. न्हायतर सर्जेरावासंगं पाट लावायचा." सर्जेरावाला पहिल्या बायकोची तीन पोरं होती. मी गेले असते तर सासूला तांब्याभर पाणी द्यायलाही कुणी उरलं नसतं. हे तिला कळत होतं, पण वर्षभरात ती त्यावर एक शब्द बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचाच मला राग यायचा.

परीक्षेला लोकरीची जाळीदार शाल करून न्यायची होती. जाळी काय, वर्गातल्या सगळ्याच पोरींना जमली. कस लागतो तो किनारीला. शालीचे टाके बंद न करता सुईवर तसेच ठेवायचे आणि किनार त्यांना आडवी विणत न्यायची. दोन ओळी झाल्या की शालीचा एक टाका किनारीत घ्यायचा. टाके वाढवत गेलं की कंगोरा टोकाला येतो, मग जास्तीचे टाके बंद करायचे आणि पुढचा कंगोरा धरायचा. एका बाजूला बारा, चारी बाजू मिळून अठ्ठेचाळीस. कोपऱ्यावर मात्र एकाच टाक्यात दोनदा, तीनदा विणावं लागतं. नाहीतर कोपरा द्रोणासारखा वळतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी माझा शेवटचा कोपरा द्रोणासारखा वळला. विसरले होते मी. पाच कंगोरे उसवले आणि स्वतःला शिव्या देत पुन्हा विणले. घाईत दोनदा टाका सुटून खाली जाळीत घरंगळला. दुपारी बाराला शेवटचा टाका बंद केला.

विणून झालेली शाल नुसती चिंधी दिसते. ती भिजवून, ताणून, एकेक टोक टोचून वाळवली की मग जाळी उघडते. वर्गाच्या बाईंकडे त्यासाठी स्टीलच्या टाचण्या होत्या, माझ्याकडे बाभळीचे काटे. बाजेवर गोधडी टाकून मी शाल ताणली आणि अठ्ठेचाळीस काटे टोचले. इतकी देखणी किनार मी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती मीच केली होती! सासू शेळीला पाला घालत होती. तिला काही सांगावं असं मला वाटलंच नाही. मी परीक्षेच्या फॉर्मवर गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांची सही आणायला गेले.

ऊन कलताना परत आले तर बाजेजवळ पातेलं होतं आणि पातेल्यात कुंचा.

माझ्या सासऱ्यांचा घोंगड्यांचा माग होता. चाळीस वर्षं त्या अंगणात ओली लोकर ताणलेली दिसली की तिला चिंचोक्याची खळ द्यायची, हे काम सासूचं. तिनं शालीलाही दिली होती. चिंचोके भाजून, शिजवून, गाळून, एकेका कंगोऱ्यावरून कुंचा फिरवून. मेच्या उन्हात शाल वाळून पापड झाली होती.

"वल्ली हुती, ताणल्याली हुती," ती म्हणाली. "म्हनलं, पोरगी गडबडीत खळ द्यायची इसरली."

मी एक कोपरा पाण्यात बुडवला. खळ चिकट झाली, टाके एकमेकांना डकले. गरम पाण्यात घालून चोळावी तर लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होणार. मग माझं तोंड सुटलं.

"तुमी माझं वाटोळं केलं! तुमचा ल्योक गेला, त्याच्याऐवजी तुमी का न्हाय गेला?"

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ती चुलीशी जाऊन बसली.

सकाळच्या एसटीत ती न विचारता माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं शालीचं एक टोक मांडीवर ओढलं. "घोंगडं नवं असतं तवा टोचतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "चोळलं की मऊ पडतं." भिगवणपासून बारामतीपर्यंत आम्ही दोघी कंगोरे चोळत होतो. मांडीवर पांढरा भुगा पडत होता. माझ्या बोटांची सालं निघाली. बारामतीचा स्टँड आला तेव्हा एकोणतीस झाले होते, एकोणीस राहिले होते.

परीक्षक बाई पुण्याच्या होत्या. त्यांनी शाल मुठीत धरून सोडली. ती मोकळी झालीच नाही, करकरली, आणि टेबलावर भुगा सांडला.

"हे काय लावलंय?"

"खळ."

"कुणी सांगितलं लावायला?"

"कुणी नाही. मीच लावली."

त्यांनी शेवटचा कोपरा बराच वेळ निरखला. "किनार फार सुरेख आहे हो. पण ही शाल पांघरणार कोण?" त्यांनी कागदावर लिहिलं आणि तो माझ्यापुढे सरकवला. नापास. "पुढच्या वर्षी पुन्हा बसा." पुढचं वर्ष सर्जेरावाच्या घरात उजाडणार होतं, हे त्यांना काय सांगणार? मी कागदाची बारीक घडी करून पोलक्यात खोचली.

बाहेर लिंबाखाली सासू बसली होती, लुगड्यावर भुगा तसाच. मला बघून ती उठली, पण पुढं आली नाही. कालपासून ती मला भीत होती, हे मला तेव्हा कळलं.

"झालीस का गं पास?"

"व्हय," मी म्हणाले.

"खळीनं काय इस्कोट न्हाय ना झाला?"

"न्हाय वं, आत्या. खळीमुळंच झाले. बाई म्हनल्या, किनार लई सुरेख हाय."

तिचं तोंड असं फुललं की मला बघवेना. तिनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग जे वर्षभर बोलली नव्हती, ते बोलली.

"म्हंजी आता तू मला सोडून जायची न्हाईस."

"न्हाय," मी म्हणाले.

वडील सोमवारी येणार होते.