घंटा वाजते आहे ना?

तुम्ही प्रार्थनेला बसता, तेव्हा तुमचा कान कुठे असतो? उत्तर मला देऊ नका. मी केवळ पितळेची एक घंटा आहे. स्वतःशी मात्र खरे बोला.

एका ओताऱ्याने मला घडवले. त्याच दिवशी, त्याच रसातून त्याने आणखी एक घंटा ओतली. ती प्रार्थनागृहात गेली. मी तेलाचा घाणा चालवणाऱ्या एका गृहस्थाकडे आले आणि त्याच्या बैलाच्या गळ्यात पडले.

घाण्याची रीत अशी, की बैलाच्या डोळ्यांना झापड बांधून त्याला दांड्याला जुंपले की तो दिवसभर गोल फिरतो. धन्याला जवळ उभे राहावे लागत नाही. घंटा वाजते आहे, तोवर बैल चालतो आहे. ती थांबली की आतूनच हाक मारायची.

माझा धनी भाविक होता. घाण्यालगतच्या खोलीत तो रोज आसन घालून बसे. वाटेत मुंगी दिसली तर पाऊल जपून टाकी. त्याच्या प्रार्थनेतले शेवटचे मागणे सर्व जिवांच्या सुखाचे असे, आणि ते तो अगदी मनापासून मागे. तो ढोंगी नव्हता. त्याचा एक कान मात्र कायम माझ्याकडे असे. शेजारी थट्टेने म्हणत, हा एकाच तोंडाने देवाला आळवतो आणि बैलाला हाकतो. धन्याला ती स्तुती वाटे.

बैल म्हातारा झाला. एका सकाळी त्याची मान मला तापलेली लागली. धनिणीने पुढे केलेल्या पेंडीकडे त्याने पाहिलेही नाही. ती खोलीच्या दाराशी गेली.

"अहो, कालपासून त्याने कशाला तोंड लावलं नाही. आजच्या दिवस सोडा त्याला."

"घंटा वाजते आहे ना? मग चालतोय तो. प्रार्थनेत बोलू नये, हे किती वेळा सांगायचं तुला?"

ती तेलाचा डबा उचलून दुकानाच्या वाटेला लागली.

थोड्याच वेळात बैल थांबला. मी थांबले नाही. तो जागच्या जागी थरथरत होता आणि त्याच्या अंगाच्या कापऱ्याने मी वाजत होते, नेहमीपेक्षा जलद. मला एकच आवाज आहे. त्यात चालणेही तेच आणि मरणेही तेच. आत धनी समाधानाने पुटपुटला, "आज पाय बरा उचलतोय."

मग बैल कोसळला. त्याच्या मानेखाली दबून मी गप्प झाले. आतून "चल रे" अशी हाक आली. पुन्हा एकदा आली. नंतर धन्याने प्रार्थना पुरी केली. सर्व जिवांचे सुख मागून झाल्यावरच तो उठला.

झापड सोडली, तेव्हा बैलाचे डोळे उघडेच होते. धनी त्या दिवशी जेवला नाही. बिचाऱ्याचे आयुष्यच सरले होते, असे त्याने धनिणीला सांगितले. ती न खाल्लेली पेंड उचलू लागली.

पुढे धन्याच्या मुलाने तेल काढायचे यंत्र आणले आणि मी खुंटीला लागले. धनीण वारली. मला दयाळू माणसे पुष्कळ भेटली. प्रार्थनेतून उठून पाहणारी थोडी. तुम्हाला एवढेच विनवते, की जीव ऐकू येतो तेवढ्यावर समाधान मानू नका. जाऊन पाहा.

धन्याला म्हातारपणी कंपवात जडला. तो अंथरुणाला खिळला. सुनेने मला खाटेला बांधले, माझी दोरी त्याच्या मनगटाला अडकवली आणि म्हणाली, "बाबा, काही लागलं तर ओढा." पण त्याचा हात क्षणभरही स्थिर नसे. पहिल्यांदा सारे धावत आले. पुढे माझी सवय झाली.

एका दुपारी पाण्याचा पेला त्याच्या हातून निसटून खाटेखाली गेला. घसा कोरडा पडला होता, आवाज फुटेना. त्याने सारे बळ एकवटून दोरी ओढली. मी वाजले, रोजच्यासारखीच. स्वयंपाकघरात मुलाने विचारले, बाबांना बघून येऊ का?

"घंटा वाजते आहे ना?" सून म्हणाली. "मग बरे आहेत ते. आधी जेवून घ्या."

भिंतीपलीकडचा शब्द न् शब्द त्याने ऐकला. मग त्याने दोरी ओढली नाही. ओठांनी तो रोजची प्रार्थना म्हणू लागला आणि शेवटच्या मागण्याशी अडला. तो आजही तिथेच अडतो. पुढचे शब्द त्याला येत नाहीत, आणि मी वाजतच राहते.