जादा जोडी

दंतवैद्याच्या बाकाचा बोल्ट मी चोरला, असे आमच्या घरात अजूनही हसून सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी खुशाल सांगावे. मी तो तपासणीसाठी आणला होता आणि तपासणी संपताच स्वतः जाऊन परत केला. चोर असे करत नाहीत.

दाढ ठणकत होती म्हणून त्या नव्या दवाखान्यात मी नंबरची वाट पाहत होते. बसायला लाकडी बाक होता. परक्या घरी गेल्यावर इतर बायकांचा हात पडद्याच्या कापडाकडे जातो, माझा बैठकीच्या खाली जातो. बोटांना जे लागले तो बोल्ट होता, आणि तोही लोखंडी नव्हे, लाकडी. अंगावर आटे, टोकाला लाकडी नट. मी दाढ विसरले.

आमच्या कारखान्यात पलंग, टेबल, कपाट, कशालाही खिळा लागत नाही. सांधे लाकडी नटबोल्टांनी आवळायचे. घर बदलताना बोल्ट उलटे फिरवून सामान सुटे करायचे आणि नव्या घरी पुन्हा जोडायचे. असे काम दुसरीकडेही होत असेल. पण लाकडी आट्यांना बाजारात ठरलेले माप नसते. दोन आट्यांमध्ये अंतर किती आणि खाच किती खोल, हे ज्याने हत्यार घडवले त्याच्या हातावर असते. आमचे हत्यार माझ्या सासऱ्यांनी घडवलेले. नटाच्या भोकात आतून आटे पाडणारा एक पोलादी टॅप, आणि बोल्टच्या दांड्यावर बाहेरून आटे कापणारी एक लहानशी लाकडी पेटी, जिच्या पोटात तिरका दात बसवला आहे. त्यामुळे आमचा बोल्ट आमच्याच नटात जातो. परका बोल्ट आमच्या नटाच्या दारातच अडतो.

हे दोन्ही जिन्नस माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत कुलूपबंद असतात आणि किल्ली माझ्या गळ्यात. आटे पाडायचे काम निघाले की मी ट्रंक उघडते, कारखान्यात खुर्ची टाकून समोर बसते, आणि काम संपले की हत्यार पुसून पुन्हा आत ठेवते. यजमान गेल्यापासून यात खंड पडलेला नाही.

तो बाक आमचा नव्हता. आमचे सामान मी पाठमोरेही ओळखते. याचे पाय फेंगडे होते आणि पॉलिश मध सांडल्यासारखे थापलेले. तरीही आटे बोटांना ओळखीचे वाटत होते. शेजारचा गृहस्थ गाल धरून आत गेला, कंपाउंडर फोनवर कोणाशी तरी भांडू लागला, आणि मी नट सोडवून वीतभर बोल्ट पर्समध्ये टाकला.

घरी आल्यावर, तोंडात कापसाचा बोळा असतानाच, मी तो आमच्या एका नटात फिरवला. स्वतःच्या बोटात स्वतःची अंगठी जावी तसा तो गेला. टोक पलीकडून डोकावले. आमचे माप घराबाहेर गेले होते.

मी कोणावर उगाच संशय घेत नाही. संशय माझ्याकडे आपल्या पायांनी येतो, आणि आलेल्याला मी उभे ठेवत नाही, बसवून घेते. घरात माणसे किती? मुलगा, सूनबाई आणि कारखान्यातले जुने मिस्त्री. मुलगा गिऱ्हाइकाशी बोलण्यात हुशार, पण त्याने रंधा हातात घेतला की लाकूड रडते. मिस्त्रींना माप विकायचेच असते तर यजमानांच्या मागे लगेच विकले असते. राहिली सूनबाई.

तिचे माहेर कुलूपवाल्याचे. हे स्थळ आले तेव्हाच मी म्हटले होते, की कुलपात वाढलेली मुलगी किल्लीकडे पाहणारच. आणि ती पाहायचीही. पेटी हातात घेऊ का, असे तिने मला दोनदा विचारले होते. लग्नानंतर महिन्याभरातच ती स्वयंपाकघर अर्धे टाकून कारखान्यात आली, ती तिथलीच झाली. तिच्या हाताला गुण आहे हे मी नाकारत नाही. म्हणूनच येत्या महिन्यात किल्ली तिच्या गळ्यात घालायचे मी सर्वांसमोर जाहीर केले होते. आता प्रश्न होता की किल्ली द्यायची, की कारखान्याचा उंबरा तिला कायमचा बंद करायचा. मधला रस्ता मला ठाऊक नाही.

आधी मी मिस्त्रींना गाठले.

"मिस्त्री, सूनबाई संध्याकाळी मागे थांबते का?"

"थांबतात की. माझ्यानंतर कुलूप त्याच लावतात."

"काय करते एकटी?"

"काम करतात, बाई. हल्ली इथे दुसरं कोण करतंय?"

"मी तिचं कौतुक मागितलं नव्हतं."

"मागून कुठं मिळतंय? फुकट दिलं."

मिस्त्रींना जीभ आहे, आणि तिला लगाम घालणे यजमानांनाही जमले नव्हते. मी दुसरा उपाय केला. डोक्याचा एक पांढरा केस घेतला आणि ट्रंकेच्या झाकणाच्या फटीवर आडवा चिकटवला. झाकण उघडले की केस तुटणार किंवा पडणार. दुसऱ्या दिवशी पाहिले, केस जागेवर. तिसऱ्या दिवशीही जागेवर. एखादी भोळी सासू म्हणाली असती, झाले, सून निर्दोष. मी म्हटले, सून सावध झाली आहे.

मग मी तो परका बोल्ट आमच्या बोल्टांच्या टोपलीत मिसळला. सूनबाई मेण लावायला बसली होती. मी समोर खुर्ची टाकली आणि तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवली. एकेक बोल्ट ती उचलत होती, फडक्याने मेण चोळत होती, बाजूला ठेवत होती. परका हातात आला आणि फडके थांबले.

"आई, हा कुठून आला?"

"कोणता गं?"

"हा. हा आपला नाही."

"आपल्या नटात तर जातो."

"जात असेल. पण आपल्या आट्यांच्या खाचेत केसासारखी एक रेघ असते. हे बघा. याच्यात ती नाही. आपल्या पेटीतल्या दाताला बारीक चीर पडलीय, तिची ती रेघ."

ती रेघ मला ठाऊक होती. चष्मा लावून पाहिली नव्हती, एवढेच.

"दात पेटीच्या पोटात असतो," मी म्हणाले. "तो तू कधी पाहिलास?"

"दात कुठं पाहिला? रेघ पाहिली. रेघ आहे म्हणजे चीर असणारच."

"मग आपल्या पेटीशिवाय आपलं माप कोणी उचललं? तेही ट्रंक न उघडता?"

"ट्रंक कशाला उघडायची?" ती इतक्या सहज म्हणाली की मी खुर्ची पुढे ओढली. "आपला एक नट आणि एक बोल्ट मिळाला की पुरे. दाखवू का?"

"दाखव," मी म्हणाले. गुन्हेगार स्वतः साक्ष देत असेल तर आडवे का यावे?

तिने आमचा एक नट फळीवर पक्का बसवला. त्यात आमचा हातभर लांबीचा बोल्ट घातला आणि बोल्टच्या शेपटीला तेवढाच लांब, तेवढ्याच जाडीचा कोरा दांडा जोडला. दांड्याच्या अंगाला टेकेल अशी एक धारदार पाती शेजारी रोवली. मग ती बोल्ट फिरवू लागली. बोल्ट नटातून जेवढा पुढे सरके तेवढाच मागचा दांडाही फिरत सरके, आणि पाती त्या कोऱ्या लाकडावर तेच वेटोळे ओढत जाई. शेवटपर्यंत गेले की मागे आणायचे, पाती किंचित आत ढकलायची, पुन्हा फिरवायचे. भुसा तिच्या पदरावर साचत होता. जेवणवेळ होईपर्यंत कोऱ्या दांड्यावर आमचे आटे उमटले होते, ज्यांना कुलपात ठेवून मी म्हातारी झाले तेच.

"हे कोणी शिकवलं?"

"बाबांनी. किल्ली हरवली तर ते म्हणायचे, घाबरता कशाला, कुलूप आहे ना. किल्लीचं माप कुलूपच सांगतं."

"म्हणजे तुला हे येतं."

"आत्ता केलं ना तुमच्यासमोर."

"म्हणजे तूच केलंस."

मिस्त्रींचा रंधा थांबला. सूनबाईने हातातली पाती खाली ठेवली, अगदी हळू. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. मला वाटले आता रडेल. रडणाऱ्या सुनेला कसे हाताळावे हे मला येते. ती रडली नाही.

"आळ घ्यायचा तर नीट पारखून घ्या, आई," ती म्हणाली आणि तो परका बोल्ट घेऊन कसोटीच्या ठोकळ्याकडे गेली.

कसोटीचा ठोकळा म्हणजे आरपार आटे पाडलेला हातभर लांबीचा ओंडका. पलंगाचे लांब बोल्ट त्यातून आरपार गेल्याशिवाय आमच्याकडे पास होत नाहीत. तिने परका बोल्ट त्यात घातला. बोटभर तो लोण्यासारखा गेला. मग जड झाला, कुरकुरला आणि अडला. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तो हलेना.

"दोन बोटं जाडीच्या नटात कोणीही शिरतो," ती म्हणाली. "इथे खरं-खोटं कळतं. बोटभर बरोबर आणि पुढे चूक. कारण ज्यानं हा केला त्याच्याकडे बोटभरच बोल्ट होता. तेवढं अंतर कापायचं, मग जोडणी सरकवायची, मग पुन्हा तेवढं कापायचं. सरकवताना माप हललं."

मग मघाशी केलेला दांडा तिने सोडवला आणि ठोकळ्यात फिरवला. तो एका टोकाने गेला आणि दुसऱ्या टोकाने बाहेर आला.

"माझ्याकडे हातभर बोल्टांची टोपली आहे. मी चोरी केली असती, तर ती अशी आरपार गेली असती."

मिस्त्रींनी खोकल्याचा आव आणून हसू गिळले.

"बोटभर बोल्ट आपण करतो कुठं?" मी शेवटी विचारले.

"करतो की." आता तिचा आवाज जरा उतरला. "जादा जोडीत."

जादा जोडी ही रीत माझी. आमच्याकडून सामान गेले की त्यासोबत कापडी पिशवीत एक जादा नट आणि एक छोटा बोल्ट जातोच. प्रवासात एखादा हरवला तर गिऱ्हाइकाचे अडू नये म्हणून. यजमान नको म्हणत असतानाही मी ती सुरू केली, आणि आमच्या घराण्याचे मोठेपण त्या पिशवीत आहे असे मी चारचौघांत सांगत आले. गळ्यातल्या किल्लीवर माझा हात होता. पुढच्या दाराला कुलूप लावून मागच्या दाराने मी स्वतःच घर वाटत होते.

नेमका तेव्हाच मुलगा आत आला.

"आई, त्या दवाखान्यात गेलो होतो दात दाखवायला. तिथला बाक एका बाजूनं बसलाय. एका जाड्या गृहस्थाला खाली घेऊनच बसला. कंपाउंडर म्हणतो, परवा एक आजी येऊन गेल्या तेव्हापासून..."

त्याची नजर ठोकळ्यात अडकलेल्या बोल्टवर गेली. मग माझ्याकडे.

"बघतोस काय? तो बोल्ट सोडवून दे," मी म्हणाले. "सूनबाई, चप्पल घाल."

दवाखान्यात दंतवैद्य संकोचाने हसत पुढे आले. बोल्ट सैल वाटला म्हणून पाहायला नेला होता, असे मी सांगितले. ते खोटेही नव्हते. सूनबाईने वाकून बाक नीट केला.

"फार उपकार झाले, आजी. माझ्या साडूंनी केलाय तो. निवृत्त झाल्यापासून सुतारकामाचं वेड लागलंय. तुमच्याकडचाच पलंग आहे त्यांच्याकडे. त्याच्याबरोबर पिशवीत एक छोटा नटबोल्ट मिळाला, तो बघून बघून शिकले म्हणतात. पण लांब बोल्ट काही त्यांना नीट जमत नाही. कुठं चुकतंय कोण जाणे."

"अहो, ते जोडणी सरकवताना..." सूनबाईने तोंड उघडले.

मी तिच्या पायावर पाय दिला. तिच्यात ही एक खोट आहे, विचारले की सांगते. पण सांगण्यासारखे तिच्याकडे काहीतरी असते, हेही त्या दिवशी मला मान्य करावे लागले.

माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. ज्या माणसाचे चुकते तो कृती करतो. घरी आल्यावर मी मुलाला आणि मिस्त्रींना बोलावले, महिना संपायची वाट न पाहता गळ्यातली किल्ली काढली आणि सूनबाईच्या गळ्यात घातली.

"आता या कुलपात राहिलंय काय, आई?" ती म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते.

"चीर पडलेला दात राहिलाय. तो कोणाकडे नाही. त्याला धार लाव, पण चीर घालवू नकोस. इथून पुढे आपला माल त्या रेघेवरून ओळखायचा."

"आणि जादा जोडी?"

"चालू राहील. दिलेली रीत मी मागे घेत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "बोल्ट आणखी आखूड करा."

मिस्त्री या वेळी उघड हसले.

त्या संध्याकाळी ट्रंकेवर मी पुन्हा एक केस चिकटवला. संशय म्हणून नव्हे. हाताला वळण असते. सकाळी सूनबाई चहा घेऊन आली. बशीत कागदाची बारीकशी घडी होती.

"हे काय?"

"तुमचा केस. टॅपला तेल द्यायला ट्रंक उघडली तेव्हा पडला. मागेही एकदा पलंगाखाली झाडताना पडला होता, तेव्हा मी परत तसाच लावून ठेवला होता. म्हटलं, काही औषधाचं असेल."

मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. तीन दिवस ज्या केसावर मी विसंबले होते, तो तिने लावलेला होता. मग झाडताना पडला होता, की आणखी कशाने? तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. माझ्याही चेहऱ्यावर कधी दिसत नाही.

"कशानं लावलास?" मी विचारले.

"थुंकीनं. तुम्ही कशानं लावता?"

मी चहाचा घोट घेतला आणि बशीतली घडी उचलून उशीखाली ठेवली.