सातव्या गाठीचा चमत्कार

केदारखेड्याच्या पारावर सकाळपासून लाल डोळ्यांच्या पोरांची रांग लागली होती. त्र्याण्णव सालच्या श्रावणात गावात डोळ्यांची साथ आली आणि तिच्या मागोमाग गाठीबाबा आले. एकाच फडक्यानं ते सगळ्यांचे डोळे पुसत आणि मनगटाला सात गाठींचा काळा दोरा बांधत. "रोज एक गाठ सोडा! सातव्या गाठीला डोळा साफ, रोग माफ!"

दुर्गाबाईंच्या मुलाचे डोळे सातव्या गाठीला खरंच निवळले होते. तेव्हापासून त्यांच्या तोंडी बाबांशिवाय विषय नव्हता. धाकटी जाऊ उषाबाई डोळे आलेल्या आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, छबूला घेऊन भोकरदनच्या दवाखान्यात निघाली, तर दुर्गाबाईंनी तिला एस.टी.च्या थांब्यावर गाठलं.

"कशाला जाऊन राह्यलीस? माझ्या पोराचं बराबर झालं ना? चल, दोरा बांध."

थोरल्या जावेचा शब्द कसा मोडणार? उषाबाई परतली आणि तिनं छबूच्या मनगटाला दोरा बांधून घेतला.

चौथ्या गाठीला छबूच्या उजव्या डोळ्यातून घट्ट पिवळा पू यायला लागला. उजेड दिसला की पोरगी किंचाळायची. "अजून तीन गाठी हायेत," दुर्गाबाई म्हणाल्या. सहाव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हा त्यांनीच छबूला उचललं. दोघी भोकरदनला धावल्या.

डॉक्टरीणबाईंनी लगेच अँटिबायोटिकचे थेंब घातले आणि जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. "आधी आणायला हवं होतं. आता बुबुळावर पांढरं फूल पडेल, या डोळ्यानं अंधुकच दिसेल."

"मंग माझं पोरगं दोऱ्यानं कसं बरं झालं?"

"दोऱ्याशिवायही झालं असतं. साध्या साथीत डोळा लाल होतो, पाणी येतं. बहुतेकांचा आठवडाभरात आपोआप निवळतो. बाबांना तेवढं ठाऊक आहे, म्हणून तर गाठी सात! आणि त्यांच्या फडक्यानं साथ मात्र घरोघर पोचली."

"मंग सगळ्याच पोरांना हे थेंब द्या."

"नाही. साध्या साथीवर त्यांचा उपयोगच होत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे पुसा, प्रत्येकाचं फडकं वेगळं ठेवा. पण घट्ट पू वाहत राहिला, डोळा ठणकला, उजेड सोसेना, अंधुक दिसायला लागलं किंवा बाळ तान्हं असलं, तर एक दिवसही थांबू नका."

उषाबाई जावेला एका शब्दानं बोलली नाही. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तरी दुर्गाबाईंना हलकं वाटलं असतं. छबू जालन्याहून घरी आली, त्याच सकाळी दुर्गाबाई पारावर जाऊन रांगेपुढं उभ्या राहिल्या.

"बायांनो, छबूच्या डोळ्यात फूल पडलं, ते माझ्यामुळं. तिची माय दवाखान्यात निघाल्ती. म्या परत आणलं."

"माई, तुझ्या मनात शंका आल्ती!" बाबा गरजले.

"न्हाई आली, तेच चुकलं. आली असती तर पोरीचा डोळा धड राह्यला असता." दुर्गाबाई रांगेकडं वळल्या. "नंदाबाई, आज धाकट्याला आणलंस, पण तुझ्या थोरल्याला दोरा न्हवता. त्याचा डोळा किती दिसांत निवळला?"

"सातच दिसांत की," नंदाबाई म्हणाली आणि स्वतःच चपापली.

"बघा! दोरा बांधलेली पोरं मोजता, तशी न बांधलेली बी मोजा, मंग काय ते ठरवा. मला समजलं, पण पोरीचा डोळा अधू झाल्यावर."