स्वयंपाकघरातल्या नळाची धार

आई दुपारच्या एसटीने घरी येणार होती आणि स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढीही धार नव्हती. सत्यशीला सकाळपासून तो नळ उघडत होती, बंद करत होती, पुन्हा उघडत होती. पाणी तोटीला चिकटून ओघळत होतं, बस.

तिची आई रुखमाबाई पंधरवड्यापासून गडचिरोलीच्या दवाखान्यात होती. गर्भपिशवी काढली होती. तिला आणायला बाबा, म्हणजे गुणवंतराव गुरुजी, पहाटेच निघून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी सत्यशीलेला बाजूला घेऊन बजावलं होतं की पावसाळा लागेपर्यंत हिला भरलेली बादली उचलू द्यायची नाही, विहिरीचं पाणी ओढू द्यायचं नाही, कुठे चढू द्यायचं नाही. टाके आतून सुटले तर जिवावर बेतेल. सत्यशीलेने मान हलवली होती. पण आई कशी आहे ते तिला माहीत होतं. ती येईल, नळ उघडून बघेल, कुणाला काही बोलणार नाही, आणि थोड्या वेळाने अंगणातल्या विहिरीत बादली आपटल्याचा आवाज येईल.

तो आवाज बंद व्हावा म्हणूनच तर एवढा खटाटोप केला होता. चंद्रपूरहून बी.एस्सी. होऊन सत्यशीला सावली गावी परतली, तेव्हा तिनेच बाबांच्या मागे लागून विहिरीवर मोटर बसवून घेतली, न्हाणीघराच्या स्लॅबवर सिमेंटची टाकी बांधून घेतली आणि घरात तीन नळ आणले. सुरुवातीला पाणी झकास यायचं. आई दवाखान्यात गेली आणि आठवडाभरात धार बारीक होत गेली. शेजारच्या अंजनाबाई कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "तुह्या मायच्या मागं मागं पानी बी दवाखान्यात गेलं वाटते." तेव्हा सत्यशीला हसली होती.

आता लहानूभाऊ छिन्नी-हातोडी घेऊन दारात उभा होता. नळ त्यानेच बसवले होते. त्याचं म्हणणं असं की भिंतीत जिथे पाइप वळतो तिथे सांध्याला गुंडाळलेला ताग आत जाऊन अडकला असणार, भिंत फोडल्याशिवाय इलाज नाही. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. टाकीच बुटकी बांधली, तिला आणखी चार फूट उंची हवी होती, असं ते रोज जेवताना ऐकवत. सत्यशीलेला दोन्ही पटत नव्हतं. टाकी बुटकी असती तर पहिल्या दिवसापासून धार बारीक असती. आणि भिंत फोडली तर आज घरात थेंबही येणार नाही, आजच, जेव्हा तो यायलाच हवा होता.

तिने लहानूभाऊकडे थोडा वेळ मागितला. तो ओट्यावर बसला आणि तळहातावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटू लागला. "पाहा बाई, पाहा," तो म्हणाला. "भित काई पळून नाई राह्यली."

सत्यशीलेला मात्र बसवत नव्हतं. घर बांधताना गवंडी विसरून गेलेली, पातळी बघायची लेव्हलची पारदर्शक नळी तिने माळ्यावरून काढली. एक टोक स्वयंपाकघरातल्या तोटीला घट्ट बसवलं, दुसरं खिडकीतून बाहेर काढून बांबूच्या शिडीला बांधत टाकीपर्यंत नेलं. मग सगळे नळ बंद करून स्वयंपाकघरातला तेवढा उघडला. नळीतलं पाणी गोगलगायीच्या चालीने वर चढू लागलं. ती शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहून बघत होती. मूल गावाच्या बाजूने एसटीचा हॉर्न आला तशी ती उतरून फाटकापर्यंत धावली. गडचिरोलीची गाडी त्या बाजूने येत नाही, हे फाटकाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

परत आली तेव्हा नळीतलं पाणी बरोबर टाकीतल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबलं होतं. तिने लहानूभाऊला न्हाणीतला नळ उघडायला सांगितलं. नळीतलं पाणी सरसर उतरून पार खाली गेलं.

मग तिने त्याला समजावून सांगितलं. पाणी उभं असताना टाकीएवढं चढतं, म्हणजे उंची पुरेशी आहे आणि पाइप कुठे गळतही नाही. वाहायला लागलं की जोर संपतो, म्हणजे वाटेत काहीतरी आडवं बसलंय.

"मी बी तेच सांगून राह्यलो," लहानूभाऊ म्हणाला. "भितीत."

"भिंतीत आहे की भिंतीच्या आधी, ते बघू. पाइप आत शिरायच्या वरचा जोड सोडवा."

लहानूभाऊ कुरकुरला. टाकीखालची पाण्याची चावी त्याने चारच दिवसांपूर्वी बदलली होती आणि टाकीचं झाकण काढूनही पाहिलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली होती. तरी तो पाना घेऊन चढला. जोड सुटला. पाणी भसकन अंगावर येईल म्हणून त्याने तोंड बाजूला केलं होतं, पण पाइपातून स्वयंपाकघरात पडायची तशीच केविलवाणी धार आली आणि त्याच्या मनगटावरून ओघळली. तो त्या धारेकडे बघत राहिला.

"म्हंजे भित नाई," तो म्हणाला.

कमरेला खोचलेली छिन्नी त्याने स्वतःच खाली टाकली.

आता उरलं होतं टाकीच्या आतलं पाइपाचं तोंड. सत्यशीला स्लॅबवर चढली, उन्हाने तापलेल्या सिमेंटवर पालथी पडली आणि झाकणातून खांद्यापर्यंत हात आत घातला. वरून पाणी स्वच्छ दिसत होतं. पाइपाचं तोंड मात्र तळाशी, अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. बोटांना काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. बेडूक वाटून तिने हात मागे घेतला, पुन्हा घातला. ते हललं नाही. तिने चाचपून पाहिलं. कापड होतं, पाइपाच्या तोंडावर बांधलेलं.

गाठ सोडवायला वेळ लागला. तीन वेढे आणि शेवटचं टोक आत खोचलेलं. ती गाठ तिच्या बोटांना ओळखीची होती. घरातल्या प्रत्येक गुंडाच्या, पाण्याच्या घागरीच्या, तोंडावरच्या गाळणीला, तिला कळायला लागल्यापासून, हीच गाठ होती.

तिने कापड उन्हात धरलं. विहिरीतल्या लोहाचा तांबडा गाळ त्यावर मेणासारखा बसला होता. गाळ खरवडल्यावर खाली दुपदरी पांढरं सुती कापड निघालं, निळ्या काठाचं. बुद्धवंदनेला आणि भीमजयंतीला नेसायच्या आईच्या पांढऱ्या लुगड्याचं.

आईच्या डाव्या घोट्यावर एक सुकलेला, आत ओढला गेलेला वण होता. आई लहान असताना तिच्या गावात दलित वस्तीतल्या लोकांना विहिरीवर चढू देत नसत. ते बोडीचं पाणी प्यायचे, गुरं बसायची त्याच तळ्याचं. तिथून तिला नारू झाला. काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढलेल्या त्या किड्याची गोष्ट तिने मुलीला कितीदा सांगितली होती. तेव्हापासून कापडाने गाळल्याशिवाय पाणी ती कुणाला पिऊ देत नसे. सत्यशीलेने तिला नीट समजावलं होतं की नारू पाण्यात पाय बुडवणाऱ्यांमुळे पसरतो, आपली विहीर बांधीव आहे, इथे तो येऊच शकत नाही. आई हो म्हणाली होती. सत्यशीलेला वाटलं होतं, पटलं.

म्हणजे आई दर दोन-तीन दिवसांनी टाकीवर चढत होती. बाबा शाळेत आणि सत्यशीला शिकवणीला गेल्यावर, पोटात कळा येत असताना, या शिडीवरून. कापड सोडून धुवायची, पुन्हा बांधायची. म्हणून पाणी झकास यायचं. ती दवाखान्यात गेली आणि कापड धुवायला कुणी उरलं नाही.

खालून लहानूभाऊने विचारलं, काय निघालं. तिने दाखवलं. तो हसला. "अन् मी भित फोडत होतो! फेकून दे ना बाई."

"फेकलं तर ती पुन्हा चढेल," सत्यशीला म्हणाली. "दुसरं लुगडं फाडून."

लहानूभाऊ हसायचा थांबला.

त्याने जोड बसवला, तिने लेव्हलची नळी सोडली. स्वयंपाकघरातला नळ फुरफुरला, तांबडं पाणी ओकला आणि मग धार अशी कोसळली की खालचं भांडं कलंडलं. सत्यशीलेने कापड धुतलं, उन्हात पिळलं आणि थोडं सैल, पिशवीसारखं करून तोटीवर बांधलं. धार थोडी कमी झाली, पण गुंड भरायला पुरेशी होती. मग तिने शिडी उचलून लहानूभाऊच्या सायकलीला टेकवली.

"माह्या घरी हाय शिडी," तो म्हणाला.

"असू द्या. न्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं, शिडी खांद्यावर घेतली आणि एका हाताने सायकल ढकलत गेला. तो वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच समोरून बैलांची बंडी आली. आत पोत्यांवर गोधडी घालून आई बसली होती आणि बाबा तिच्या पाठीला हात देऊन होते.

आईचा चेहरा उतरला होता. सत्यशीलेने तिला खाटेकडे वळवलं, पण ती भिंतीला धरून सरळ स्वयंपाकघरात गेली. तोटीवरचं कापड पाहून तिचे पाय थांबले. तिने ते बोटांनी चाचपलं, काठ पाहिला. मुलीकडे पाहिलं नाही. मग सावकाश गाठ सोडली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा बांधली, तीन वेढे, टोक आत.

"हे धुवा लागते," ती म्हणाली. "गाळ धरते लवकर."

"इथंच धुता येईल. चढावं लागणार नाही."

आईने गुंड नळाखाली ठेवला आणि नळ सोडला. पाणी भरत असताना तिची नजर खिडकीतून न्हाणीच्या भिंतीकडे गेली.

"शिडी कुठी गेली?"

"लहानूभाऊला दिली."

"त्याच्या घरी तं हाय एक."

"आता दोन झाल्या."

गुंड भरला. तिने नळ बंद केला, पदर खोचला आणि सवयीने दोन्ही हात गुंडाच्या गळ्याशी नेले. सत्यशीला जागची हलली नाही. हलली असती तर आईने नक्कीच उचलला असता. बाहेर बंडीवाला बैल वळवत होता. आईचे हात गुंडावर तसेच राहिले, मग सुटले.

"तू उचल," ती म्हणाली.