हिरासिंगच्या छपराचा दंड

हिरासिंग चाळीस वर्षं ट्रकवर होता. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर त्याच्या नुसत्या शब्दावर लोक माल चढवून द्यायचे आणि घरी जाऊन निवांत झोपायचे. असा माणूस भर नसाबात, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, दिलेला शब्द मोडेल आणि तोही छपरापायी, असं कोणी म्हटलं असतं तर पांढरकवड्याजवळच्या त्या तांड्याने म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

सुरुवात झाली गेल्या वैशाखात. भर दुपारी टिनाच्या छपराखाली पीठ मळता मळता त्याची बायको रामीबाई भोवळ येऊन आडवी झाली. घरात हिरासिंग एकटाच. तिला उचलून त्याने शेजाऱ्याच्या गाडीत घातलं, दवाखान्यात दोन सलाईन लागल्या, आणि दोन दिवसांनी घरी येताच, मळलेलं पीठ फेकलं काहून, म्हणून बाई भांडायला लागली. पण पुढचा उन्हाळा ही बाई टिनाखाली काढणार नाही, हे हिरासिंगने त्याच दिवशी ठरवलं. त्याचा तिच्यावर जीव होता. सरळ गोष्ट होती. फक्त ती त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हती. लोकांना तो सांगायचा, टीन जुनं झालं.

मुलगा बादल टिपेश्वरच्या जंगलाकडे पर्यटकांच्या कॉटेजवर शिंगलची छपरं बसवायचा. शिंगल म्हणजे डांबराच्या पट्ट्या, वरून बारीक खडी चिकटवलेली. प्लायवूडवर एकीवर एक चढवून खिळे मारायचे. दिवाळी झाल्यावर त्याने दोन नमुने घरी आणले. एक साधा, एकपदरी, पांढुरका. दुसरा जाड, दुपदरी, गडद तपकिरी, कोरीव लाकडासारखा देखणा.

"बापू, हे जाड वालं जास्त वर्ष टिकते. वाऱ्यात बी हालत नाई," बादल म्हणाला. "पण हे काळपटच भेटते, अन काळं ऊन पिते. पांढरं वालं साधं दिसते, लवकर बदलवा लागते, पण घर थंडं ठेवते."

हिरासिंगने दोन्ही नमुने प्लायवूडच्या तुकड्यांवर ठोकले आणि दुपारभर अंगणात उन्हाला टाकले. टायर तापलं का, हे ड्रायव्हर उलट्या हाताने पाहतो. तसाच त्याने आधी पांढुरक्यावर हात ठेवला. हात टिकला. तपकिरीवर ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"काय करून राह्यले जी, बादलचे बा?" रामीबाई ओट्यावरून हसली. "छपराले ताप आला का?"

निवड तिथेच झाली होती. गुपचूप माल मागवायचा आणि मोकळं व्हायचं. पण तांड्याची रीत अशी की घराला नवं काही लावायचं तर नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, दाखवायचं. पुढच्या नसाबात हिरासिंग दोन्ही नमुने घेऊन गेला. बायकोला उन्हाचा त्रास होतो, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. समोर तीस-चाळीस माणसं पाहून त्याला लाज वाटली, आणि त्याने विचारलं, "यातलं चांगलं कोणतं दिसते?"

आता दिसायचं विचारल्यावर लोक काय सांगणार? सगळे तपकिरीवर तुटून पडले. हायवेवरून दिसलं पाहिजे, तांड्याचं नाव झालं पाहिजे. नेमसिंग नायकाने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "जाड वालंच टाक, हिरासिंग. बंगला दिसला पायजे बंगला! देतं ना शब्द?"

"देल्ला," हिरासिंग म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी रामीबाईने सगळं ऐकून घेतलं. छपराचं खरं कारण तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात सांगावं लागतंच असं नाही. "शब्द देल्ला तर पाळा आता," ती म्हणाली. "मी डोक्शावर वलं फडकं बांधीन. एक उन्हाळा काय, कसाबी निंगते."

'कसाबी निंगते' हे हिरासिंगला सोसलं नाही. त्या रात्री त्याला घास गोड लागला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढच्या नसाबाला तो आपणहून उभा राहिला. कडेला बायाही बसल्या होत्या, त्यांत रामीबाई होती.

"नायक, मी शब्द मोडून राह्यलो," तो म्हणाला. "मी पांढरं वालंच टाकीन. काय दंड हाय तो सांगा."

नेमसिंगच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काहून?"

"वैशाखात रामी माह्या समोर पडली. उचलली तं मान लटकत होती. मले वाटलं, गेली." हिरासिंगने बायांमध्ये बसलेल्या रामीबाईकडे हात केला. "हायवेवाल्याइले बंगला नाई दिसला तरी चालते, नायक. मले ही घरात दिसली पायजे."

बायांमध्ये रामीबाईने पदर तोंडावर ओढला. ती रडते की लाजते, कोणाला कळलं नाही.

"हे त्याच दिवशी काहून नाई सांगतलं?" नेमसिंगने विचारलं.

"लाज वाटली. चार माणसाइत बायकोची काळजी कशी सांगू?"

नेमसिंगने नजर खाली वळवली. मग म्हणाला, "कारण असो का नसो, शब्द मोडला. दंड लागन. साऱ्या तांड्याले लापशीचं जेवण."

रविवारी दुपारी जेवणं झाली. दंड भरणाऱ्याने स्वतः वाढायचं आणि शेवटी जेवायचं, म्हणून हिरासिंग लापशीची बादली घेऊन पंगतीतून फिरत होता. रामीबाई चुलीपाशी उभी राहून सगळ्यांदेखत त्याला टोकत होती, "हळू वाढा, सांडून राह्यली!" इतकी खुशीत ती वर्षभरात दिसली नव्हती.

नायकाच्या पानापाशी तो वाकला, तेव्हा नेमसिंगने त्याचं मनगट धरलं.

"हिरासिंग," तो अगदी हळू बोलला. "बादल ते पांढरं वालं आणखी एका घराचं आणून देईन का?"

"कोणाच्या घराचं?"

नेमसिंगने मान वर केली नाही. "माह्या बायकोले, मोतीबाईले बी उन्हाळ्यात घेरी येते. तीन वर्षं झाले. मी कोणालेच सांगतलं नाई."

हिरासिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या पानात आणखी एक पळी लापशी वाढली.