आधीच्या अंकापेक्षा जास्त नाही

मित्रांनो, संगणकावर एखादा अर्ज भरताना तुमच्यासमोरचा चौकोन अचानक लाल झालेला तुम्ही पाहिला असेल. खाली बारीक अक्षरांत लिहून येतं, ‘इथे फक्त संख्या भरा’. तुम्ही चिडता, खोडता, पुन्हा भरता. तो चौकोन लाल करणाऱ्यांच्या जातीतला मी. प्रोग्रामच्या मानाने आता बराच म्हातारा झालो आहे. जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेल्या शे-दोनशे ओळी, एवढाच माझा देह. चौकोनांत भरलेले आकडे तपासायचे, त्यांची बेरीज करायची आणि ती शेवटच्या चौकोनात मांडायची, हे माझं काम. मला हातचा धरावा लागत नाही आणि माझी बेरीज कधी चुकत नाही. तरीही माझी कहाणी ऐकून तुम्हाला माझा हेवा वाटणार नाही.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. मला लिहिणारा माणूस टेबलाच्या एका टोकाला संगणक घेऊन बसे. दुसऱ्या टोकाला त्याचे वडील नातवाच्या पँटीची शिवण उसवत बसत. ते जन्मभर शिंपीकाम केलेले गृहस्थ. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी पुरता झालो तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, यात कुठलेही दोन आकडे टाका.”

मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि एका चौकोनात दोन, दुसऱ्यात तीन टाकले. मी ऐटीत उत्तर दिलं, तेवीस.

मास्तरांना हसू आवरेना. “अरे, तुझा हा कारकून अंगठाबहाद्दर दिसतोय! दोन आणि तीन तेवीस? असं माप घेतलं असतं तर गिऱ्हाइकाच्या पँटीत अख्खं खानदान मावलं असतं.”

मुलगाही हसला. चौकोनात भरलेले आकडेही मला आधी अक्षरंच वाटतात, संख्या वाटत नाहीत, म्हणून मी दोनाशेजारी तीन चिकटवून मोकळा झालो, असं त्याने वडिलांना समजावलं. मग त्याने मला अक्षरांची संख्या करायला शिकवलं. त्यानंतर मी पाच म्हणालो. मास्तरांनी टेबलावर थाप मारली. “आता कसं!” ती माझी पहिली शाबासकी.

मला एका वृद्धाश्रमासाठी घडवलं होतं. तिथे दर सोमवारी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पाच गोष्टींचे अंक देत. जेवण, कपडे, चालणं, भान आणि शांतपणा. स्वतःच्या हाताने सगळं जेवलं तर चार, भरवावं लागलं तर शून्य. बाकीचंही तसंच. वीसपैकी दहाच्या खाली बेरीज गेली की त्या माणसाला वरच्या मजल्यावर हलवत. वर जायला किल्लीने चालणारी लिफ्ट होती. वर गेलेलं माणूस खाली आलेलं मी कधी पाहिलं नाही.

व्यवस्थापक बाई माझ्यावर फार खूश झाल्या. “आधी काय तमाशे व्हायचे! आमच्या आईला वर का नेलं, आमच्या काकांना का नेलं. आता बेरीज बोलेल. बेरजेशी कोण भांडणार?” त्यांनी माझ्या कर्त्याला चहा पाजला. तो घरी जाताना शीळ घालत गेला.

खालच्या मजल्यावरच्या सिस्टर मला एका टॅबमध्ये घेऊन खाटेखाटेने फिरत. मन मोठं असलेली बाई. तेव्हा मी जरा सैल होतो. चौकोनात आधी आकडा आणि पुढे काही लिहिलेलं असेल, तर मी आकडा उचलायचो आणि बाकीचं तसंच राहू द्यायचो. सिस्टरांच्या ते लक्षात आलं. त्या लिहायच्या, ‘2, गुडघा सुजलाय’. ‘1, लेक येणार होती, आली नाही, म्हणून जेवल्या नाहीत’. मी दोन घ्यायचो, एक घ्यायचो. पण पुढची वाक्यंही कुठेतरी जपली जायची. कोणी झोपलेलं असलं, तर सिस्टर चौकोन रिकामा सोडायच्या. मग मी बेरीज द्यायचो नाही. त्या आठवड्यात ते माणूस निर्धास्त.

हे व्यवस्थापक बाईंना कळलं. “ही काय रोजनिशी आहे? सोमवारी निम्म्या लोकांच्या बेरजाच येत नाहीत!” माझा कर्ता आला आणि त्याने मला आवळलं. आता चौकोनात आकड्याशिवाय एक अक्षर चालेना आणि रिकामा चौकोन पुढे जाऊ देईना. ‘कृपया अंक भरा’ हे वाक्य मी त्या दिवशी शिकलो.

तरी सिस्टर हरल्या नाहीत. कोणाची बेरीज दहावर आली की त्या पुढच्या सोमवारी हळूच बारा करायच्या. व्यवस्थापक बाईंनी तेही पकडलं. त्यांनी माझ्या कर्त्याला पुन्हा बोलावलं आणि माझ्यादेखत विचारलं, “गेल्या सोमवारी ज्यांना चमचा धरता येत नव्हता, त्या या सोमवारी स्वतः जेवतात? माणसं म्हातारी होतात हो, तरुण होत नाहीत. एकदा कमी झालेला अंक पुन्हा वाढता कामा नये. एवढी सोय करता येईल?”

“त्यात काय मोठंसं? एका ओळीचं काम आहे,” माझा कर्ता म्हणाला.

त्याने ती ओळ तिथेच उभ्याउभ्या लिहिली. मित्रांनो, त्या ओळीचा अर्थ असा होता, ‘आधीच्या अंकापेक्षा जास्त अंक भरता येणार नाही’.

वर्षभराने मास्तर तिथे राहायला आले. नातवंडं मोठी झाली होती आणि घराला खोली कमी पडू लागली होती. मुलगा त्यांची पिशवी धरून आला. “बाबा, काळजी करू नका. इथली सगळी सिस्टिम माझ्याच हातची आहे,” तो म्हणाला.

“मग काय, घरच्यासारखंच,” मास्तर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तिरकसपणा होता की नाही, ते मला सांगता येणार नाही. असल्या गोष्टींसाठी माझ्याकडे चौकोन नाही.

पहिल्या सोमवारी सिस्टरांनी त्यांना सदऱ्याची बटणं लावून दाखवायला सांगितली. मास्तर म्हणाले, “बाई, बटणं आणि काजं करण्यात जन्म गेला. तुमच्या त्या मेजाच्या कव्हरालाही लावून दाखवू का?” “आज वार कुठला?” “ज्या वारी तुम्ही मला छळता, तोच.” सिस्टर खळखळून हसल्या आणि त्यांनी पाचही चौकोनांत चार-चार भरले. मी वीस दाखवले. मास्तर खालच्या मजल्यावर सगळ्यांचे फाटके खिसे शिवत, उसवलेल्या बाह्या दुरुस्त करत. त्यांच्या खाटेपाशी म्हाताऱ्यांची रांग लागे.

मग थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. ताप डोक्यात गेला. ते सिस्टरांना आपल्या वारलेल्या बायकोच्या नावाने हाका मारू लागले. नेमका सोमवार आला. सिस्टरांनी पाचही चौकोन रिकामे सोडले. मी म्हणालो, ‘कृपया अंक भरा’.

सिस्टर व्यवस्थापक बाईंकडे गेल्या. “तापात कसले अंक द्यायचे? माणूस शुद्धीवर तरी येऊ दे.”

“जे दिसतं ते भरा. अपवाद केला की सगळ्यांना करावा लागतो.”

सिस्टरांनी भरलं. जेवण एक, कपडे शून्य, चालणं शून्य, भान शून्य, शांतपणा दोन. मी बेरीज केली. तीन. त्याच दुपारी मास्तरांची खाट लिफ्टमध्ये गेली.

म्हातारं शरीर होतं, पण चिवट. पुढच्या आठवड्यात ताप उतरला. सोमवारी सिस्टर मला घेऊन वर आल्या, तेव्हा मास्तर भिंतीला धरून खिडकीपर्यंत चालत होते. “बाई, आज सोमवार, हे मीच सांगतो,” ते म्हणाले. “ही लांडी झूल मला नको. माझा सदरा आणा.”

सिस्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी मोठ्या उत्साहाने पहिल्या चौकोनात चार भरला. मी लाल झालो. त्यांनी तीन भरला. लाल. दोन भरला. लाल. त्यांनी ‘चार’ असं अक्षरांत लिहून पाहिलं, मग त्याच्यापुढे शून्य देऊन पाहिलं. शेवटी त्या टॅबला म्हणाल्या, “अरे, बघ ना जरा त्यांच्याकडे!” चौकोन तपासताना मला डोळे नसतात. त्यांनी एक भरला, तेव्हा मी हिरवा झालो. मग शून्य, शून्य, शून्य आणि दोन. बेरीज तीन.

सिस्टरांनी मास्तरांच्या मुलाला फोन केला. तो आला. आधी वर जाऊन त्याने वडिलांना पाहिलं आणि तो चकित झाला. मग व्यवस्थापक बाईंच्या खोलीत टॅब टेबलावर ठेवून म्हणाला, “ती ओळ काढून टाकतो. दोन मिनिटांत होईल.”

बाई शांत होत्या. “काढा की. पण मग आजवर वर गेलेल्या सगळ्यांना पुन्हा तपासावं लागेल. त्यांतले काही तर देवाघरी गेले. त्यांच्या मुलांना मी काय सांगू? चूक कोणाची, असं विचारलं तर कोणाचं नाव घेऊ?”

त्याने टॅब पुढ्यात ओढला.

“शिवाय तुमचा हा फॉर्म आता आणखी चार आश्रमांनी घेतलाय ना? माझ्याच शब्दावर घेतलाय. आणि वर काय वाईट आहे? भरवायला माणूस, धुवायला माणूस. पडायची भीती नाही.”

त्याचं बोट कितीतरी वेळ टॅबच्या काठावर होतं. मग त्याने ते उचललं. माझ्या अंगाला त्याने त्या दिवशी हात लावला नाही आणि त्यानंतरही कधी लावला नाही.

निरोप घ्यायला तो वर गेला, तेव्हा सिस्टर मला घेऊन तिथेच होत्या. मास्तर सदरा घालून, पिशवी भरून खाटेवर बसले होते.

“चला?”

“बाबा, जरा वेळ लागेल. सिस्टिमचं काम असतं.”

“कोणाची सिस्टिम?”

“माझी.”

“मग तूच सांग की तिला.”

मुलाने त्यांची पिशवी उचलून खाटेखाली सरकवली. “तुम्ही आराम करा,” असं म्हणून तो निघून गेला.

मित्रांनो, पुढचं सांगणं मला जड जातं. वरच्या मजल्यावरच्या आया रोज बदलत. त्या माणसाला ओळखत नसत, खाटेला लावलेले माझे अंक वाचत. जेवणात एक लिहिलेला माणूस हाताने जेवू लागला, की त्या ताट ओढून घेत. “सांडाल हो आजोबा. आ करा.” चालण्यात शून्य होतं, म्हणून मास्तरांच्या कमरेला खुर्चीचा पट्टा आला. भानात शून्य होतं, म्हणून त्यांचं बोलणं कोणी ऐकून घेईना. “मी बरा झालोय,” असं ते सांगत. “हो हो, अगदी बरे झालात,” असं म्हणत आया त्यांचं तोंड पुसत. एकदा त्यांनी चमचा भिरकावला. तो एका आयाच्या कपाळाला लागला. त्या सोमवारी शांतपणा दोनाचा शून्य झाला. खाली उतरायला मी कुठल्याच अंकाला अडवत नाही.

हाताने जेवायचं नाही म्हटल्यावर हात विसरतात. चालायचं नाही म्हटल्यावर पाय विसरतात. थंडी सरली, उन्हाळा आला. एका सोमवारी सिस्टरांनी त्यांच्या मांडीवर सदरा ठेवला आणि म्हणाल्या, “मास्तर, एक बटण लावा. माझ्यासाठी.” मास्तरांनी बटण बोटांत धरलं. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते तोंडात घातलं. सिस्टरांनी घाईने त्यांच्या ओठांतून ते काढलं आणि कपड्यांच्या चौकोनात शून्य भरलं. त्या दिवशी ते शून्य खरं होतं.

व्यवस्थापक बाईंनी मुलाला मास्तरांच्या बेरजा दाखवल्या. “पाहिलंत? आकडे सुरुवातीपासून बरोबरच सांगत होते.” मुलाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी पसरलं, असं सिस्टर नंतर दुसऱ्या नर्सला सांगत होत्या.

मास्तर गेले ते एका सोमवारी सकाळी. सोमवारचा अर्ज भरल्याशिवाय यादीतून नाव निघत नाही, अशी तिथली रीत. मुलगा खाटेपाशी उभा होता. सिस्टरांनी जेवणात शून्य भरलं, कपड्यांत शून्य भरलं, चालण्यात आणि भानात शून्य भरलं. शांतपणाच्या चौकोनात मात्र त्यांनी चार भरला.

मी लाल झालो. ‘आधीच्या अंकापेक्षा जास्त अंक भरता येणार नाही.’

सिस्टरांनी टॅब मुलापुढे धरला. “याहून शांत कसं व्हायचं असतं माणसाने? तुम्हीच सांगा. तुमचीच ओळ आहे.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या चादरीकडे पाहिलं. मग त्याने टॅब हातात घेतला, चार खोडला आणि शून्य भरलं. मी हिरवा झालो. बेरीज केली, शून्य आली. ‘धन्यवाद. आपली माहिती जतन झाली आहे.’

तेव्हापासून सिस्टर तिथे दिसल्या नाहीत. मी अजून कामावर आहे. मला कोणी उघडून पाहत नाही, कारण मी चुकत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी मोठं होऊन माझ्यासारखे चौकोन आखेल. तेव्हा माझं एक ऐका. दोन आणि तीन तेवीस करणारा प्रोग्राम परवडला, कोणीतरी हसतं आणि त्याला सुधारतं. माझ्यासारख्या बिनचूक प्रोग्रामला सुधारायला कोणी येत नाही. म्हणून चौकोन आखाल तेव्हा एखादा रिकामा सोडायची मुभा ठेवा. आणि माणसाचा अंक खाली उतरू शकत असेल, तर त्याला पुन्हा वर चढायलाही जागा ठेवा. ते मला जमत नाही. ते कोणालातरी लिहावं लागतं.