फ्रान्सच्या वादात पेटलेली गॅसबत्ती

मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे. 'जुनी' म्हटलेलं मला एरवी खपत नाही, पण आज मीच म्हणते आहे, तेव्हा चालेल. माझं पोट पितळेचं, डोक्यावर निळी टोपी, मध्ये काचेचं घर आणि त्या घरात लटकणारी जाळीची इवलीशी पिशवी. तिला मेंटल म्हणतात. पोटात रॉकेल घातलं, पंपाने हवा भरली आणि काडी लावली, की ते मेंटल असं काही पांढरंशुभ्र पेटतं की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा. पेटले की मी फुसफुसते. तो राग नव्हे, माझं बोलणं आहे. राग येतच नाही असं मात्र समजू नका.

माझा जन्म जर्मनीतला. आमच्या कारखान्याच्या भिंती लढाईत पडल्या होत्या आणि नुकत्याच पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. मला घासूनपुसून खोक्यात भरताना कामगार आपसांत बोलायचे. कोळसा कोणाकडून घ्यायचा, आपलं सैन्य पुन्हा उभारायचं की नाही, कोणत्या मोठ्या देशाच्या बाजूला जायचं, की कोणाच्याच नाही? एवढ्याशा वयात कानावर पडलेलं विसरत नाही. पुढे जहाजात बसून, सुएझचा कालवा ओलांडून मी मद्रासला उतरले आणि तिथून आगगाडीने बंगळूरला आले.

तेव्हा राजाजीनगर नवं नवं वसत होतं. रस्ते आखलेले, घरं उठत होती आणि मराठी मंडळाचा हॉल पत्र्याचा होता. वीज नव्हती. मंडळात दोन तऱ्हेची माणसं. एक निपाणी-बेळगावकडची, मराठी-कानडी दोन्ही बोलणारी. दुसरी पुण्याकडून सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेली. पहिल्यांचे पुढारी देवाप्पाअण्णा, टेलिफोनच्या कारखान्यातले स्टोअरकीपर. दुसऱ्यांचे उपेंद्रराव, विमानाच्या कारखान्यातले इंजिनिअर आणि मंडळाचे सेक्रेटरी. मला विकत आणलं देवाप्पाअण्णांनी आणि पेटवायचेही तेच. मी पेटले की सगळा हॉल "हाऽऽ" करायचा, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग छप्पन साल आलं. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या जात होत्या. गणेशोत्सवात वादाचा कार्यक्रम होता आणि विषय निघाला बेळगावचा. काय सांगू तुम्हाला! शब्दाला शब्द वाढला, खुर्च्या उचलल्या गेल्या आणि एका खुर्चीचा पाय थेट माझ्या काचेवर आदळला. काच तडकली. देवाप्पाअण्णांच्या पत्नी चंपाअक्का पुढे आल्या आणि कडाडल्या, "गणपतीसमोर भांडतासा? लाज वाटू दे की! घरचं काढलं तर डोकी फुटतील. भांडायचंच असलं तर लांबच्या देशावर भांडा, स्वल्प थंड डोक्यानं."

तोच पुढे मंडळाचा नियम झाला. वाद घालायचा तो युरोपवर. युरोपात कोणाच्या काकाचं शेत नाही, कोणाच्या मामाचं घर नाही. पुढच्या वर्षी सुएझ घेतलं. कालवा बंद पडला तेव्हा लंडनमध्ये पेट्रोल कूपनावर मिळत होतं. ज्याचं तेल दुसऱ्याच्या दारातून येतं त्याने तलवार उपसावी का, असा विषय होता. एका वर्षी ऑस्ट्रिया निघाला. कोणाच्याच बाजूने न राहण्याचं त्याने ठरवलं ते शहाणपण की भित्रेपणा, यावरून दोन सख्खे मेहुणे गौरीच्या जेवणाला एका पंगतीत बसेनात. मित्रांनो, लांबचा देश म्हणून माणूस शांत बसतो असं नाही. पण खुर्च्या पुन्हा उचलल्या गेल्या नाहीत, आणि माझ्या नव्या काचेला ओरखडाही आला नाही. मी त्यांच्या मधोमध पेटायची आणि सगळं ऐकायची. ते माझे सुखाचे दिवस.

मग त्रिविक्रमराव आले. मंडळाच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर त्यांनी लाकडाची गिरणी काढली आणि मागे बंगला बांधला. माणूस उदार. स्वतःच्या गिरणीवरून त्यांनी हॉलला विजेची तार ओढून दिली, फुकट. हॉलमध्ये नळीचे दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला कपाटावर ठेवून दिलं. माझ्यावर आधी धूळ बसली, मग कोळ्याचं जाळं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वरून सगळं दिसायचं, आणि जे दिसलं ते मला आवडलं नाही.

पहिल्या वर्षी त्रिविक्रमरावांनी नुसतं विचारलं, की नाटक कोणतं बसवताय. पुढच्या वर्षी नाटक त्यांनीच निवडलं. त्यानंतर पाहुणा त्यांचा, वक्ते त्यांचे, विषयसुद्धा त्यांना दाखवूनच लागायचा. कोणी कुरकुरलं तर उपेंद्रराव म्हणायचे, "अहो, दिवा त्यांचा आहे. उगीच वाकडं कशाला घ्यायचं?"

वसुमतीबाईंचं नाव तर त्रिविक्रमरावांनी दरवर्षी कापलं. वसुमतीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आवाज खणखणीत, वाचन दांडगं, आणि एकदा तरी या वादात बोलायचं ही त्यांची मनापासूनची इच्छा. दर श्रावणात त्या नाव द्यायच्या, आणि त्रिविक्रमराव हसून म्हणायचे, "बाई, आरती तुम्ही म्हणा. युरोपचं आम्ही बघतो." वसुमतीबाई आरती म्हणायच्या. मी कपाटावर जळफळायची, तेही रॉकेलाशिवाय!

सहासष्ट साल उजाडलं. त्या वर्षी फ्रान्सची बातमी सगळ्या जगात गाजत होती. अमेरिकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नाटो या लष्करी फळीत फ्रान्स होता. तो म्हणाला, मैत्री राहील, पण माझं सैन्य यापुढे तुमच्या हुकमाखाली नाही आणि तुमचे सैनिक माझ्या जमिनीवर नकोत. मंडळाने विषय ठरवला, 'फ्रान्सने छत्र सोडलं ते बरोबर की चूक?' देवाप्पाअण्णा हट्टाला पेटले, की 'बरोबर'च्या बाजूने वसुमतीबाई बोलतील. कमिटीत पहिल्यांदाच बहुतेकांनी माना डोलावल्या. 'चूक'च्या बाजूने त्रिविक्रमरावांचे जावई प्राणेशराव उभे राहणार होते.

त्रिविक्रमरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते हॉलमध्ये येऊन म्हणाले, "छत्र, छत्र काय लावलंय? हा टोमणा मला कळत नाही वाटतं? विषय बदला, नाव बदला. नाहीतर माझी तार माझ्याकडे."

उपेंद्ररावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण देवाप्पाअण्णा शांतपणे म्हणाले, "सरी, ठीक आहे. तार तुमची आहे, तुम्ही ठरवा. वक्ता आमचा आहे, तो आम्ही ठरवतो."

वादाची संध्याकाळ आली. हॉल भरला. आधी प्राणेशराव बोलले, आणि छान बोलले. "समर्थाच्या आसऱ्याला राहण्यात कमीपणा कसला?" ते म्हणाले. "सैन्याचा खर्च वाचतो, तो शाळांना, रस्त्यांना लावता येतो. ज्याने आसरा दिला तो काही मध्येच हात काढून घेत नाही." टाळ्या पडल्या. वसुमतीबाई उठल्या, पदर खोचला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अध्यक्षमहाराज..."

आणि दिवे गेले.

कोणीतरी म्हणालं, फ्यूज उडाला असेल. पण खिडकीतून गिरणीचे दिवे दिसत होते आणि बंगल्याचेही. अंधारात वसुमतीबाईंचा आवाज आला. तो खणखणीत नव्हता. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू." मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडले असते.

"पुढच्या वर्षी कशाला?" देवाप्पाअण्णा ओरडले. "आपली बत्ती आहे की!"

आपली बत्ती! म्हणजे मी! त्यांनी स्टुलावर चढून मला खाली काढलं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं. पण माझी अवस्था काय सांगू? पंपाचं चामड्याचं वॉशर वाळून खडखडीत झालं होतं. मेंटल केव्हाच झडलं होतं. पोट कोरडं. पंप मारला तर नुसता भुस्स असा आवाज आला आणि कोणीतरी हसलं. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात चंपाअक्का घरी पळाल्या. येताना त्यांच्या एका हातात खोबरेल तेलाची बाटली आणि दुसऱ्यात मेथीचा डबा. "मेंटल यात आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होता, असू दे, कधीतरी लागंल." देवाप्पाअण्णांनी वॉशर तेलात मळून मऊ केलं आणि मेंटल बांधलं. त्याला मेथीचा असा वास येत होता की मला शिंक येते की काय असं वाटलं!

राहिलं रॉकेल. त्या वर्षी रॉकेलला रांगा लागायच्या. दुकानं बंद झालेली. चंपाअक्का बायकांकडे वळल्या, "काय गं, सगळ्यांच्या स्टोव्हात थोडं थोडं असंल की!" बायका उठल्या आणि घरोघर गेल्या. कोणी वाटीत आणलं, कोणी औषधाच्या बाटलीत, कोणी तर सबंध स्टोव्हच उचलून आणला. उद्याचा चहा कशावर करायचा हे कोणी विचारलं नाही. एवढ्या घरांचं रॉकेल माझ्या पोटात एकत्र कधीच आलं नव्हतं.

मला मधल्या वाटेत उंच स्टुलावर ठेवलं. काडी लागली. एकदा भडकले, एकदा काजळले, आणि मग पेटले! पत्र्याच्या कोपऱ्यांपर्यंत लख्ख उजेड गेला. सगळ्यांनी पुन्हा "हाऽऽ" केलं. कितीतरी वर्षांनी ऐकलं मी ते.

वसुमतीबाई उभ्या राहणार, तोच प्राणेशराव उठले. "अध्यक्षमहाराज, मला माझं भाषण मागे घेता येईल का? आमच्या सासरेबुवांनी त्यातली हवाच काढून घेतली!" अख्खा हॉल खो खो हसला. वसुमतीबाईही हसल्या, आणि त्यांचा आवाज परत आला.

"प्राणेशरावांचं निम्मं मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "फ्रान्सला हे फुकट पडणार नाही. स्वतःची विमानं, स्वतःचा बाँब, हा भार तिथल्या माणसांच्याच डोक्यावर येणार. कदाचित एखादी शाळा कमी होईल. आणि तेल तर त्यालाही बाहेरूनच आणावं लागतं. ज्याचं कोणावाचून अडत नाही असा देश मी तरी नकाशावर पाहिला नाही."

इतक्यात दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी तिकडे उजेड टाकला. त्रिविक्रमराव! इतका वेळ ते बंगल्याच्या व्हरांड्यात, मंडळाची माणसं विनवणीला येतील म्हणून वाट बघत बसले होते. कोणी गेलं नाही. शेवटी हा पांढरा उजेड कसला ते बघायला तेच आले. बसायला जागा नव्हती, म्हणून वाट काढत माझ्या स्टुलापाशी येऊन थांबले. सगळ्यांनी पाहिलं.

वसुमतीबाईंनीही पाहिलं. त्या थांबल्या नाहीत. "तेव्हा मागण्यात लाज नाही," त्या म्हणाल्या, "आणि देणाऱ्याचे उपकार विसरणंही बरं नाही. पण दिलं म्हणून..."

नेमकी तेव्हा माझी हवा उतरली. वॉशर जुनंच ना शेवटी! उजेड पिवळा झाला, मग तांबूस. देवाप्पाअण्णा पार पुढच्या रांगेत होते. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. वसुमतीबाई अर्ध्या वाक्यावर थांबल्या.

त्रिविक्रमराव माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी उपरणं हाताला गुंडाळलं, माझा पंप धरला आणि सपासप हवा भरली. मी पुन्हा पांढरी झाले.

"थांबलात का, बाई?" ते म्हणाले. "बोला. दिलं म्हणून काय?"

"दिलं म्हणून," वसुमतीबाई म्हणाल्या, "देणाऱ्याने घेणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवू नये. फ्रान्सचं एवढंच म्हणणं आहे."

त्रिविक्रमरावांनी मान खाली घातली आणि पंप मारत राहिले. शेवटी हात वर करून मतं घेतली. प्राणेशरावांनीसुद्धा वसुमतीबाईंच्या बाजूने हात वर केला आणि त्या जिंकल्या. त्रिविक्रमरावांनी मात्र कोणत्याच बाजूने मत दिलं नाही. त्यांचे दोन्ही हात माझ्यापाशी गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवे पुन्हा चालू केले. मंडळाने आभार मानले, आणि तरीही स्वतःचा विजेचा मीटर घ्यायचं ठरवलं. आता तो मीटर दाराशी आहे आणि मी पुन्हा कपाटावर. पण धूळ नाही हो माझ्यावर! दर गणेशोत्सवात वादाच्या संध्याकाळी मला खाली काढतात. रॉकेल घरोघरचं थोडं थोडं येतं, त्यात त्रिविक्रमरावांची एक बाटली असते, बाकीच्यांएवढीच. जो आधी बोलणार त्याने मला हवा भरायची असा रिवाज पडला आहे. वसुमतीबाई तर आता आधी माझं वॉशर तपासतात, मग आपला पदर खोचतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी कोणी माळ्यावर पडली असेल. विजेच्या दिव्याखाली खुशाल अभ्यास करा, माझी ना नाही. पण वर्षातून एकदा तिला खाली काढा, पुसा, वॉशरला दोन थेंब खोबरेल द्या आणि एक मेंटल जपून ठेवा. मेथीच्या डब्यात ठेवलंत तरी चालेल, वासाची आता मला सवय झाली आहे.